हेराची फुली

वाटणीला एक दिवस उरला होता. वाटणी हा आमच्या क्लबातल्या जुन्या माणसांचा शब्द. कागदोपत्री तिला ड्राफ्ट म्हणतात. वर्षातून एकदा लीगमधले सोळा संघ एका हॉलमध्ये बसतात आणि नाव नोंदवलेल्या नव्या फुटबॉल खेळाडूंतून पाळीपाळीने एकेक उचलतात. गेल्या वर्षी जो संघ तळाला राहिला त्याची पाळी पहिली. प्रत्येकाला चार पाळ्या, म्हणजे चौसष्ट जणांची सोय होते. यंदा नावं आली होती चारशे अकरा. उरलेल्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा यायचं, पण तेवीस पूर्ण झाली नसतील तरच. तेवीस झाली की नाव घेत नाहीत.

मी या क्लबात एकतीस वर्षं हेर आहे. लहानमोठी मैदानं हिंडायची, सामने पाहायचे आणि कोण घेण्यासारखा आहे ते येऊन सांगायचं, एवढंच काम. बायको होती तेव्हा शेजारणींना सांगायची, आमचे हे हेर आहेत, पण शत्रूला आधी कळतं आणि घरी शेवटी. क्लबात मला सगळे हेरकाका म्हणतात. नाव घेऊन हाक मारणारं आता कुणी राहिलेलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी मुलीच्या खोलीत गेलो. ती याच क्लबात आकड्यांचं काम करते. तिची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली आहे, त्यामुळे छत एका बाजूने उतरत जातं आणि उंच माणसाचं डोकं तुळईला आपटतं. तिने तिथे स्पंजचा तुकडा चिकटवला आहे. मी काही उंच नाही, पण सवयीने वाकूनच आत जातो. टेबलावर तीन पडदे. प्रत्येक सामन्याचं चित्रण तिच्याकडे येतं आणि संगणक त्यातून सगळं मोजून काढतो: कोण किती धावला, कुठे उभा होता, चेंडू किती वेळा पायाला लागला, किती वेळा सुटला. त्या सगळ्याची गोळाबेरीज करून खेळाडूला शंभरांपैकी गुण मिळतात आणि गुणांप्रमाणे यादी लागते. वाटणीच्या दिवशी आमचे साहेब त्या यादीवर बोट ठेवून चालतात.

त्या शंभरातले ऐंशी गुण संगणकाचे आणि वीस माझे. चार वर्षांपूर्वी ही पद्धत आली तेव्हा साहेबांनीच तसं ठरवलं होतं. म्हणाले, हेरकाकांच्या डोळ्यांचे वीस असू देत. दर महिन्याला मी माझी वही मुलीकडे द्यायची आणि वहीतल्या खुणा पाहून तिने ते गुण भरायचे. त्या वीस गुणांचं पुढे काय होतं ते मी कधी विचारलं नाही. यादीत माझ्या आवडीची मुलं खालीच सापडायची. वाटायचं, यंत्राला आपलं पटत नाही. वय झालं की पुष्कळांना आपलं पटत नाही, त्यात यंत्राची भर पडली, झालं.

मी गेलो होतो ते खांबाचा नंबर विचारायला. खांब म्हणजे मध्ये खेळणारा एक बचावपटू. उंच, हाडकुळा, मान किंचित पुढे. त्याच्या संघातल्याच पोरांनी पाडलेलं नाव. मासळीच्या शीतगृहात गाड्यांतून खोकी उतरवायचं काम करतो आणि सुटीच्या दिवशी खेळतो. दोन वर्षं त्याने नाव दिलं, दोन्ही वर्षं कुणी घेतलं नाही. दोन महिन्यांनी त्याला तेवीस पूर्ण होणार होती. म्हणजे उद्या झालं तर झालं, नाहीतर त्याने खोकी उतरवायची आणि सुटीच्या दिवशी टीव्हीवर दुसऱ्यांचे सामने पाहायचे. घरी जेवताना मी त्याच्याबद्दल इतकं बोललो होतो की मुलगी म्हणाली होती, बाबा, ताटात आता खांब नको.

तिने यादी सरकवत सरकवत खाली नेली. नंबर एकशे सदतीस. मी खुर्चीत बसलो. गुडघा दुखत होता, आणि उभं राहून करण्यासारखं काही नव्हतं.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "बाबा, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"घरी तुम्ही त्याचं एवढं कौतुक करता. मग वहीत त्याच्या नावावर फुली का मारलीत?"

"कौतुक वाटलं म्हणूनच मारली."

तिने माझ्याकडे पाहिलं. थट्टा करतोय असं तिला आधी वाटलं असावं. मग तिने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

ही फुली काय आहे ते सांगायला हवं. हेराचं काम धरलं तेव्हा मला लिहितावाचता येत नव्हतं. मैदानावर गेलो की सामन्याची नोंद ठेवणाऱ्या माणसाला मी माझी वही द्यायचो आणि अकरा नावं लिहून घ्यायचो. कुठल्या ओळीत कोण हे लक्षात ठेवायचो. सामना संपला की ज्याच्यावर डोळा ठेवला असेल त्याच्या नावापुढे एक तिरकी रेघ. याला पाहिला, एवढाच तिचा अर्थ. आणि पुन्हा जाऊन बघावा असं वाटलं आणि गेलो, तर दुसऱ्या वेळी पहिल्या रेघेवरून आडवी जाणारी दुसरी रेघ. दोन रेघांची फुली होते. फुली म्हणजे हा गडी दोनदा जाण्यालायक. पुढे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी अक्षरं शिकलो, ती याच मुलीकडून. ती तेव्हा दुसरीत होती आणि माझ्या पाठीत पट्टी मारून काना-मात्रा घोटून घ्यायची. मग नावं मीच लिहायला लागलो. पण खुणा जुन्याच राहिल्या. हाताला सवय होती. तिने त्या खुणांबद्दल कधी विचारलं नाही, कारण तिला वाटलं तिला माहीत आहेत. मी कधी सांगितलं नाही, कारण मलाही वाटलं तिला माहीत आहेत.

"आणि नुसती तिरकी रेघ?" तिने विचारलं.

"एकदा पाहिला. पुन्हा जावंसं वाटलं नाही."

माझ्या रेघेला सुरुवातीला गळाच्या टोकासारखं लहानसं वळण येतं. पेन्सिल दाबून धरायची खोड. वहीत ती रेघ हुबेहूब बरोबरच्या खुणेसारखी दिसते. शाळेत वाढलेल्या कुणालाही ती बरोबरची खूणच वाटेल आणि फुली चुकीची. मुलगी शाळेत वाढली होती. चार वर्षं तिने रेघेला वीस गुण दिले आणि फुलीला शून्य.

तिने तोंडावर हात धरला. मला आधी वाटलं रडते की काय, पण ती हसत होती, आवाज न करता, आणि ते हसणं काही चांगलं नव्हतं. मग तिने मधल्या पडद्यावर एक तक्ता उघडला. तो तिने स्वतःपुरता करून ठेवला होता, दुसऱ्या कुणाला दाखवला नव्हता. त्यात चार वर्षांतल्या माझ्या खुणा होत्या आणि त्या पोरांचं पुढे काय झालं ते होतं. ज्यांना मी पसंत केलं असं तिला वाटत होतं, त्यांच्यातले बहुतेक वर्षभरात बाकावर गेले होते. ज्यांच्यावर फुली होती, त्यांच्यातले सात जण आज दुसऱ्या संघांत पहिल्या अकरात खेळत होते.

"दुसऱ्याच वर्षी मला हे दिसलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमची नजर गेली."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? आई गेल्यावर तुमच्याकडे तेवढंच होतं."

साहेबांनी तिला दोनदा विचारलं होतं की काकांचे वीस गुण आता काढायचे का. दोन्ही वेळा तिने असू देत म्हणून सांगितलं. त्या वीस गुणांपायी आपल्या संघाचं दर वर्षी नुकसान होतं हे तिला आकड्यांत दिसत होतं, आणि आकड्यांचा पगार घेऊन ती गप्प बसली होती. माझ्यासाठी.

मी मागचं आठवायला लागलो. गेल्या तीन वर्षांत तिने मला दोनदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाला, या वयात असे डोळे मी पाहिले नाहीत. तेव्हा मी खूश झालो होतो आणि तिचा चेहरा पडला होता. का पडला ते आता कळत होतं. तिला मोतीबिंदू हवा होता. घरात माझ्या खुर्चीजवळ मोठा दिवा आणून लावला होता. माझ्याशी बोलताना शब्द सावकाश टाकायची. मला वाटायचं, पोरगी आईवर गेली, मायाळू झाली.

राग यायला हवा होता, पण तो आणायलाही जोर लागतो.

तिने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. म्हणाली, सोपं आहे, उलटं करते, पाच मिनिटांचं काम. फुलीला वीस, रेघेला शून्य. खांब कुठल्या कुठे वर जाईल. तिची बोटं चालायलाही लागली होती. मी तिला थांब म्हणालो.

थांब म्हणायची मला काही गरज नव्हती. तोंड मिटून बसलो असतो तर खांब वर गेला असता. पण तक्त्यातली एक रांग माझ्या डोळ्यांसमोर होती. तिथे एकही फुली नव्हती, वर्षभर नुसत्या रेघा. ते तिच्या आईच्या आजारपणाचं वर्ष होतं. त्या वर्षी मी सकाळचा एक सामना कसाबसा पाहायचो आणि हॉस्पिटलात यायचो. दुसऱ्यांदा कुठेच गेलो नव्हतो. त्या रांगेतली पोरं वाईट होती असं नाही. त्यांच्याकडे पुन्हा जायला माझ्याकडे वेळ नव्हता.

मी तिला ते सांगितलं. आणि मग हेही सांगितलं की या वर्षी गुडघ्यामुळे जिने चढवत नाहीत, लांबचा प्रवास होत नाही. दोनदा पाहण्यासारखी तीसेक पोरं होती, पण मी दुसऱ्यांदा गेलो ते नऊ जणांकडे.

"मग त्या नवांत खांब कसा?" ती म्हणाली. "ते मैदान तर केवढं लांब आहे."

मी खोटं बोलू शकलो असतो. पण ती तशीही मला चार वर्षं सांभाळून घेत आली होती, आता पुन्हा नको वाटलं.

"दुसऱ्या वेळी मी त्याला बघायला गेलोच नव्हतो. दुसराच सामना पाहायला गेलो, तो रद्द झाला. पाहुण्या संघाची बस बंद पडली होती. परतीची गाडी संध्याकाळी. कुठेतरी बसायला हवं होतं, आणि तो खेळत होता त्या शेजारच्या मैदानावर बाकं होती."

तिने पडद्यावर खांबाच्या नावावर बोट ठेवलं.

"म्हणजे ही फुली खेळाडूची नाही," ती म्हणाली. "गाडीच्या वेळापत्रकाची आहे."

 एकतीस वर्षांच्या वह्या घरी कपाटात आहेत, बेचाळीस भरतील. त्यांत किती फुल्या पोरांच्या पायांच्या आणि किती माझ्या पायांच्या, हे आता कोण सांगणार? पोरांचं मोजमाप म्हणून जे लिहीत आलो, त्यात माझंच मोजमाप होत होतं.

तरीही मी तिला एक गोष्ट सुचवली. सुचवायला नको होती. म्हणालो, बाकी सगळं राहू दे, खांबाच्या पुढची तेवढी एक खूण बदल आणि उद्याचा दिवस जाऊ दे. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, लहानपणी काना राहिला की बघायची तशी.

"आणि बाकीच्या आठ फुल्या? ती पोरं काय रस्त्यावरची आहेत?"

"मग काय करायचं?"

"साहेबांकडे जायचं. उठा."

ती तिथे काय घालवून बसणार हे तिला माहीत होतं आणि मलाही. पद्धत तिने उभी केली होती, चूक तिच्या हातची होती, आणि चूक दिसत असून ती बोलली नव्हती. मी म्हणालो, आपण गुपचूप माझ्या वीस गुणांचा रकाना काढून टाकू, कुणाला पत्ता लागणार नाही. तोवर ती दारात पोचली होती. घाईत तिचं डोकं तुळईला आपटलं, स्पंज होता तिथेच, आणि ती तशीच पुढे गेली.

साहेब आमच्या क्लबाचे व्यवस्थापक. तरुणपणी अकरा वर्षं गोलात उभे राहिलेले. दोन्ही हातांची बोटं वाकडी आहेत, फोनवरचे आकडे दाबताना चुकतात. पोटाचा त्रास आहे म्हणून खिशात गोळ्या असतात. मुलीने उभ्यानेच सगळं सांगितलं. मध्ये माझ्या रेघा काढून दाखवायला तिने कागद मागितला. साहेबांनी एक गोळी तोंडात टाकली आणि ती चघळत तो कागद पाहत राहिले.

"चार वर्षं?" त्यांनी विचारलं.

"चार."

"आणि तुला दिसत होतं."

"खूण उलटी आहे हे दिसत नव्हतं. बाबा चुकतात असं दिसत होतं."

"आणि बोलली नाहीस."

 मी मध्ये बोलायला गेलो तर साहेबांनी हात वर केला. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले की चार वर्षांत आपण सातवे, नववे, आठवे आणि नववे आलो. त्याआधीची चार वर्षंही काही वेगळी नव्हती. तेव्हा कुणामुळे काय झालं हे देवालाच ठाऊक. मग म्हणाले, "याबद्दल सोमवारी बोलू. आता तो रकाना काढ, आणि उद्या सकाळी मला धड यादी दे. काका, तुम्ही उद्या माझ्या शेजारी बसायचं. विचारीन तेव्हा बोलायचं."

रकाना काढल्यावर यादी नव्याने लागली. आता ती शंभराची नव्हती, ऐंशीचीच होती. खांब एकशे सदतीसवरून अठ्ठावन्नवर आला. बाकीच्या आठ फुल्यांतले पाच वर आले, तीन तळाशीच राहिले. त्या तिघांसाठी मी शब्द टाकला नाही. चौसष्ट जण उचलले जाणार होते, पण प्रत्येक संघाची यादी वेगळी. आमच्या यादीतला अठ्ठावन्न दुसऱ्याकडे दोनशेवा असू शकतो. म्हणजे खांबाला घेतलं तर आम्हीच, चौथ्या पाळीत. नाहीतर कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हॉल भरला. सोळा टेबलं, समोर मोठा पडदा, प्रत्येक पाळीला दोन मिनिटं आणि ती संपली की कर्कश घंटा. मी हेर झालो तेव्हा ही वाटणी एका हॉटेलच्या जेवणघरात व्हायची आणि हेर एकमेकांच्या कानात खोटं सांगत फिरायचे. आता कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. सगळे आपापल्या पडद्यात. एका टेबलावरचा माझ्याइतकाच जुना हेर लांबून हात हलवून गेला. त्याच्या गळ्यात पाहुण्याचा पास होता.

गेल्या वर्षी आम्ही खालून आठवे होतो, तेव्हा प्रत्येक फेरीत आमची पाळी आठवी. पहिल्या तीन पाळ्या यादीप्रमाणे गेल्या. साहेब आकडा बोलायचे, मुलगी नाव वाचायची, बटण दाबलं जायचं. मधल्या वेळात बसून बसून माझी कंबर धरली. दर वेळी पडद्यावर नाव आलं की मी आधी लांबी पाहायचो. खांबाचं नाव लहान आहे. लहान नाव आलं की मी खुर्चीत पुढे सरकायचो आणि मग दुसराच कुणी असायचा.

चौथ्या फेरीत आमची पाळी आली तेव्हा बारा वाजत आले होते. यादीत वर उरला होता एकावन्न नंबरचा, उजव्या बाजूने पळणारा एकोणीस वर्षांचा पोरगा. त्याच्याखालचे दुसऱ्यांनी उचलले होते. मग खांब.

साहेब माझ्याकडे वळले. "बोला काका. दोन मिनिटं आहेत."

एवढं आयुष्य मी हेच विचारलं जावं म्हणून घालवलं होतं. आणि आता तोंडात आलं ते भलतंच. म्हणालो, "त्याला दुसऱ्यांदा पाहायला मी मुद्दाम गेलो नव्हतो, साहेब. गाडीला वेळ होता म्हणून—"

"का गेलात ते विचारलं नाही. काय दिसलं ते सांगा."

मग मी सांगितलं. सामना संपायला वीसेक मिनिटं होती. त्याच्या संघाच्या गोलरक्षकाच्या हातातून साधा चेंडू सुटला आणि गोल झाला. पोरगा नवीन होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, कुणी शिवी दिली. खांब जाळ्यात गेला, चेंडू काढला, त्या पोराच्या हातात दिला, काहीतरी बोलला. काय ते ऐकू आलं नाही. आणि तिथून पुढे तो मागे सरकून खेळला. आपल्या नेहमीच्या जागी नाहीच. प्रत्येक उंच चेंडू त्याने स्वतः डोक्यावर घेतला. त्या पोराचे हात थरथरत होते आणि खांबाने त्याच्यापर्यंत काही पोचूच दिलं नाही.

मुलगी ऐकता ऐकता चाळत होती. तिला तो सामना सापडला. "एकाहत्तराव्या मिनिटाला गोल," ती म्हणाली. "त्यानंतर हा शेवटपर्यंत सात पावलं मागे आहे. आपण त्याचे गुण कापलेत. बचावाची रांग मोडतो म्हणून."

"आणि गोलरक्षक?" साहेबांनी विचारलं.

तिने पाहिलं. "त्यानंतर त्याला एकदाही पुढे यावं लागलं नाही."

पडद्यावर चाळीस सेकंद उरले होते. साहेब आपली वाकडी बोटं एकमेकांत अडकवून बसले होते. गोलात उभ्या राहिलेल्या माणसाला हे सांगताना मी त्याला हळवं करून आपलं साधून घेतोय की काय, असंही मनात आलं. पण जे दिसलं ते दिसलं होतं. बाकावर टेकायला गेलो होतो म्हणून ते खोटं ठरत नव्हतं.

साहेब म्हणाले, "उजवीकडचा एकोणीसचा आहे. राहिला तर पुढच्या वर्षी मिळेल. हा नाही मिळणार." आणि मुलीला म्हणाले, "अठ्ठावन्न."

तिने नाव वाचलं. बटण दाबलं. पडद्यावर ते लहान नाव आलं आणि थोडा वेळ राहिलं. लगेच पुढच्या टेबलाने एकोणीस वर्षांच्या पोराला उचललं. साहेबांनी ते पाहिलं आणि एक गोळी तोंडात टाकली. तो पोरगा पुढे केवढा मोठा होईल ते मला माहीत नाही. उद्या कदाचित सगळे म्हणतील की म्हाताऱ्याच्या नादाने हातचा घालवला.

मुलगी पडदे मिटून वायरी गुंडाळायला लागली. ती वायरी नीट गुंडाळते, प्रत्येकीला रबर लावते. सोमवारचं तिच्या मनात असणार, पण आम्ही त्याबद्दल बोललो नाही. ती म्हणाली, "फोन तुम्हीच करा. तुमचा आहे तो."

मी हॉलच्या बाहेर व्हरांड्यात आलो आणि खांबाला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्याने उचलला. मागे पंख्याची घरघर होती, कुणीतरी नंबर ओरडत होतं. मी म्हणालो, हेरकाका बोलतोय, तुला घेतलाय. तो म्हणाला, कोण? मी पुन्हा सांगितलं, क्लबाचं नाव सांगितलं, कितवी पाळी ते सांगितलं. तिकडे कुणीतरी पुन्हा नंबर ओरडलं. 

मग तो म्हणाला, "कधी यायचंय, काका? माझी सहापर्यंत पाळी आहे."

"आज नाही रे. पुढच्या आठवड्यात."

"मग सुपरवायझरला विचारावं लागेल." तो थांबला. "नाही, विचारायचं काय आता. सांगावं लागेल." त्याचा श्वास ऐकू येत होता, ओझं उचलल्यावर लागतो तसा. "काका, जरा धरता का? गाडी लागलीय."

त्याने फोन कशावर तरी ठेवला, बंद न करता. मग खोकी एकावर एक ठेवल्याचे आवाज यायला लागले, एका लयीत, ना घाई ना उशीर. मी भिंतीला टेकून फोन कानाला धरून उभा राहिलो. मुलगी बॅग खांद्याला लावून बाहेर आली.

"काय म्हणाला?"

"कामावर आहे," मी म्हणालो. "थांब म्हणालाय."

तिने बॅग खाली ठेवली आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकली. आम्ही थांबलो.